पाळण्यातील नाव आणि पाळण्याबाहेरची मते

बाळाचे नाव कानी पडताच ते मुलाचे की मुलीचे हे कळले नाही, तर हल्ली घराघरांत वादंग माजते. एक पक्ष परंपरा बुडाल्याचा आक्रोश करतो, दुसरा पक्ष स्वतःला आधुनिक समजून मिरवतो. परंपरेची खरी ओळख मात्र दोघांनाही नाही.

बारशाचा समारंभ आहे. पाळण्याला फुलांच्या माळा आहेत, भोवती रांगोळी आहे, स्वयंपाकघरात घुगऱ्यांचे पातेले तयार आहे. सुवासिनींनी पाळण्याच्या दोन्ही बाजूंनी गोविंद-गोपाळ देण्याघेण्याचा विधी उरकला आहे. आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, तिच्या पाठीवर कौतुकाचे धपाटे बसतात आणि मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ती नाव उच्चारते, ‘निर्झर’. क्षणभर कुणीच काही बोलत नाही. मग कुणी मावशी विचारते, ‘‘अगं, पण बाळ तर मुलगी आहे ना? हे मुलाचं नाव झालं.’’ कोपऱ्यातील एखादे आजोबा पुटपुटतात, ‘‘आता मुलगा-मुलगी काही कळूच द्यायचं नाही म्हणतात. परदेशातलं खूळ आहे हे.’’ बाळाची आई ओशाळते, बाप समर्थनाला सरसावतो आणि पेढे वाटले जाण्यापूर्वीच दोन तट पडतात.

असे दृश्य आज महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यमवर्गीय घरात सहज कल्पिता येते. नाव ‘निर्झर’ऐवजी आणखी कोणते असेल, पण आक्षेप ठरलेले असतात आणि ते तीन असतात. या नावावरून मुलगा की मुलगी हे समजत नाही, हा पहिला. मुलगा-मुलगी दोघांनाही चालणारी अशी सामाईक नावे, ज्यांना हल्ली ‘युनिसेक्स’ म्हटले जाते, ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे, हा दुसरा. आणि आपल्या शास्त्राला हे मान्य नाही, हा तिसरा. तिन्ही आक्षेप मोठ्या आत्मविश्वासाने घेतले जातात. त्यांची नीट तपासणी मात्र क्वचितच होते.

‘किरण’ला न्यायालयात जावे लागले

सामाईक नाव ही पश्चिमेची देणगी आहे असे मानणाऱ्यांनी पश्चिमेतच घडलेली एक घटना अवश्य जाणून घ्यावी. भारताशी कौटुंबिक नाते असलेल्या जर्मनीतील एका दाम्पत्याने आपल्या कन्येचे नाव ‘किरण’ ठेवले. तेथील नोंदणी कार्यालयाने ते एकटे नाव नोंदविण्यास नकार दिला. हे नाव स्त्रीचे की पुरुषाचे हे कळत नाही, सबब मुलगी असल्याचे स्पष्ट दाखविणारे दुसरे नाव त्याला जोडावे, असे त्या कार्यालयाचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयांनीही कार्यालयाचीच बाजू घेतली. अखेर प्रकरण कार्ल्सरूह येथील जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत गेले. 5 डिसेंबर 2008 रोजी त्या न्यायालयाने निर्णय दिला, की नावावरून लिंग कळलेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. बाळाच्या हिताला बाध येत असेल तरच आईवडिलांच्या निवडीत शासनाने हात घालावा. ‘किरण’ या नावाने असा कोणताही बाध येत नाही.

आइसलँडमध्येही असेच घडले. तेथे ‘ब्लेर’, म्हणजे वाऱ्याची मंद झुळूक, असे नाव एका मुलीला ठेवले गेले. त्यांच्या व्याकरणात तो शब्द पुल्लिंगी असल्यामुळे ते नाव मुलीला देता येणार नाही, असा अधिकाऱ्यांचा दावा होता. परिणामी ती मुलगी पंधरा वर्षांची होईपर्यंत शासकीय कागदपत्रांत तिच्या नावाच्या जागी नुसते ‘मुलगी’ असे लिहिले जात होते. 2013 मध्ये रेक्याविकच्या न्यायालयाने तिला तिचे नाव मिळवून दिले.

या दोन घटनांचा अर्थ काय? ज्या सामाईक नावांना आपल्याकडे ‘पाश्चात्त्य खूळ’ म्हणून हिणविले जाते, तीच नावे पश्चिमेतील शासनयंत्रणा कालपरवापर्यंत नाकारीत होती. आणि जर्मनीत ज्या नावासाठी घटना न्यायालयाची पायरी चढावी लागली, ते नाव महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षे सुखाने नांदले आहे. भारतीय पोलीस सेवेतील पहिल्या महिला अधिकारी किरण बेदी आणि भारताचे यष्टिरक्षक किरण मोरे यांची नावे वाचताना कुणाचाही गोंधळ उडाला नाही. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ लिहिणारे किरण नगरकर पुरुष होते आणि 2006 चे बुकर पारितोषिक मिळविणाऱ्या किरण देसाई स्त्री आहेत, हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. बारशाच्या मांडवात नाक मुरडणारी मंडळी त्या जर्मन कारकुनाचाच आक्षेप मराठीत उच्चारीत असतात, आणि त्याला परंपरेचे रक्षण असे नाव देत असतात, यासारखा विनोद नाही.

घरचीच श्रीमंती

‘किरण’ हा काही एकमेव अपवाद नव्हे. हायकू मराठीत रुजविणाऱ्या कवयित्री शिरीष पै या आचार्य अत्र्यांच्या कन्या. शिरीष कणेकर हे खुमासदार लेखन करणारे पत्रकार. नाव एकच आणि तेही एका फुलाचे, कालिदासाच्या शकुंतलेने कानात माळलेल्या नाजूक फुलाचे. सुहास जोशी या मराठी रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेत्री, तर सुहास शिरवळकर हे दोन पिढ्यांच्या तरुणांनी झपाटून वाचलेले कादंबरीकार. कमल देसाई या मराठीतील मान्यवर लेखिका आणि कमल हासन हे दक्षिणेतील अभिनेते. स्नेहल, शीतल, शशी, विमल ही नावेही दोन्हीकडे सापडतात. अत्र्यांनी आपल्या मुलीचे नाव शिरीष ठेवले, म्हणून महाराष्ट्राची संस्कृती लयाला गेल्याची नोंद कुठे आढळत नाही.

त्याही मागे जावे. ‘कृष्णा’ हे नाव घ्या. महाबळेश्वरी उगम पावणारी नदी कृष्णा. द्रौपदीचे एक नाव कृष्णा. आणि अफजलखानाचा वकील म्हणून शिवचरित्रात भेटणारा कृष्णाजी भास्कर, तोही कृष्णाच. नदी, महाराणी आणि पुरुष या तिघांनाही मराठी माणसाने एकाच नावाने शतकानुशतके हाक मारली आणि त्यात त्याला काहीही वावगे वाटले नाही.

याचे कारण मराठी भाषेच्या घडणीत आहे. मराठीत माणसाचे लिंग सांगण्याचे काम नावावर सोपविलेलेच नाही, ते क्रियापद करते. ‘किरण आला’ म्हटले की मुलगा, ‘किरण आली’ म्हटले की मुलगी. समोरच्याशी बोलतानाही ‘तू कधी आलास?’ आणि ‘तू कधी आलीस?’ हा भेद होतोच. इतकेच काय, ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत बोलणारा स्वतःच आपली ओळख देतो. बंगाली भाषेत क्रियापद असा भेद करीत नाही, तेथे ही अडचण समजण्यासारखी आहे. मराठीत एका वाक्याच्या आत उलगडा होतो. शिवाय ताई, दादा, राव, बाई ही जोडपदे आहेत आणि लग्नपत्रिकेतील ‘चि.’ व ‘चि. सौ. कां.’ आहेत. ज्या भाषेने एवढी चोख व्यवस्था केली आहे, तिच्या लेकरांनी नावावरून लिंग कळत नाही म्हणून चिंताक्रांत व्हावे, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

‘निर्झर हा पुल्लिंगी शब्द आहे’ असा युक्तिवाद करणाऱ्यांनीही थोडे संस्कृताकडे वळावे. संस्कृतात पत्नी या अर्थाचा ‘दार’ हा शब्द पुल्लिंगी आहे, त्याच अर्थाचा ‘कलत्र’ हा नपुंसकलिंगी आहे आणि ‘देवता’ हा शब्द पुरुषदेवतेसाठी वापरला तरी स्त्रीलिंगीच राहतो. शब्दाचे लिंग वेगळे आणि व्यक्तीचे लिंग वेगळे, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. ‘सूर्याचा किरण’ असे मराठी माणूस म्हणतो आणि ‘सूरज की किरण’ असे हिंदी भाषक म्हणतो. शब्द तोच, लिंग वेगळे. यामुळे किरण नावाच्या किती मुलामुलींचे काय बिघडले?

गैरसोय मुळीच होत नाही असे नाही. शिक्षक पहिल्या दिवशी ‘कुमारी’ऐवजी ‘कुमार’ म्हणतील, वसतिगृहाच्या यादीत चूक होईल, एखादे पत्र ‘श्री.’ लिहून येईल. हसून दुरुस्त करता येणारी ही गैरसोय आहे. तिला सांस्कृतिक संकटाचे रूप देण्याचे कारण नाही.

शास्त्र काय सांगते, समाजाने काय केले?

आता तिसरा आक्षेप. नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक संस्कार आहे आणि गृह्यसूत्रांनी त्याविषयी नियम दिले आहेत, हे खरे आहे. पारस्कर गृह्यसूत्र सांगते, की मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याचा आरंभ घोषवर्णाने व्हावा. मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. मनुस्मृती म्हणते, की स्त्रीचे नाव उच्चारायला सुलभ, कठोर अर्थ नसलेले, स्पष्टार्थ, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वादवाचक असावे. म्हणजेच मुलामुलींच्या नावांत भेद असावा हा विचार शास्त्रात आहे. तो नाकारण्याचे कारण नाही.

परंतु समाजाने तो नियम कसा पाळला हेही पाहावे. मुलीचे नाव विषम अक्षरांचे हवे म्हणावे, तर सीता, कुंती आणि गार्गी ही नावे दोन अक्षरांची आहेत. मुलाचे सम अक्षरांचे हवे म्हणावे, तर लक्ष्मण, भरत आणि अर्जुन ही नावे तीन अक्षरांची आहेत. विवाहासाठी मुलगी पाहताना नदीचे किंवा नक्षत्राचे नाव असलेली मुलगी टाळावी, असे मनुस्मृती सांगते. मराठी घरांनी गंगा, गोदावरी, यमुना, रोहिणी, रेवती ही नावे पिढ्यान्पिढ्या कौतुकाने ठेवली आणि त्या मुलींना तितक्याच कौतुकाने सुना म्हणून घरी आणले. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असेही त्याच स्मृतीत लिहिलेले आहे. आज कोणता विवेकी हिंदू या वचनाचा स्वीकार करील? ते वचन समाजाने टाकून दिले आणि ते टाकून देण्यातच समाजाचे श्रेय आहे.

हिंदू परंपरा टिकली ती अशा विवेकामुळे. जे मंगल ते ठेवायचे, जे अन्याय्य ते टाकायचे आणि नव्याला पारखून आत घ्यायचे, ही तिची रीत आहे. नवा शब्द कानाला परका वाटतो म्हणून तो त्याज्य ठरत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द दिले, तेव्हा त्यांची टिंगल करणारे कमी नव्हते. आज ते शब्द नवे होते हेच कुणाला आठवत नाही. त्यांचे बळ कशात होते? ते शब्द घडविणाऱ्याला धातू आणि प्रत्यय ठाऊक होते, अर्थ ठाऊक होता. नेमक्या याच ठिकाणी आजच्या आधुनिक आईवडिलांचे पितळ उघडे पडते.

अर्थाची आयात, अर्थाचा अनर्थ

जुन्या पिढीची कानउघाडणी झाली, म्हणून नव्या पिढीने हुरळून जाऊ नये. सामाईक नावाला विरोध करणाऱ्यांचे अज्ञान एक प्रकारचे, तर नावांच्या तयार याद्यांतून नाव उचलणाऱ्यांचे अज्ञान त्याहून चिंताजनक आहे.

बाळ जन्माला येण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवर याद्या उघडल्या जातात. कुणाकडेही नाही असे नाव हवे, परदेशातही उच्चारता यावे, आणि ते ‘संस्कृत’ही असावे, या तीन अटी असतात. यादीत नावापुढे अर्थ छापलेला असतो आणि तो वेदवाक्य मानला जातो. ‘आरव’ या नावापुढे ‘शांत’ असा अर्थ सर्रास दिलेला आढळतो. संस्कृतात ‘आरव’ म्हणजे आवाज, आरोळी. शांततेच्या नेमके उलट. ‘अनय’ या नावाचा अर्थ ‘श्रेष्ठ’ असा दिला जातो. ‘नय’ म्हणजे नीती, आणि ‘अनय’ म्हणजे अनीती, दुर्वर्तन. ‘कियान’चा अर्थ ‘ईश्वराची कृपा’ असा सांगितला जातो. प्रत्यक्षात त्या नावाचे नाते प्राचीन इराणच्या राजकुळाशी आहे. इराणी नाव ठेवू नये असे नाही, परंतु ते इराणी आहे हे ठाऊक तरी असावे. आईच्या नावाचे एक अक्षर आणि बापाच्या नावाचे एक अक्षर जोडून तयार झालेल्या ध्वनीला मागाहून अर्थ चिकटविण्याचा उद्योग तर याहून विलक्षण आहे.

ही नावे ज्यांना मिळाली त्या निष्पाप लेकरांचा यात काहीच दोष नाही. ती आपल्या कर्तृत्वाने त्या नावांना उज्ज्वल अर्थ देतील. दोष आहे तो शब्दकोश उघडण्याचेही कष्ट न घेणाऱ्या सुशिक्षितांचा. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच व्याकरण का शिकावे याची प्रयोजने सांगितली आहेत. त्यांत एक प्रयोजन असे आहे, की पुत्राचे नाव कसे ठेवावे याचा नियम याज्ञिक सांगतात. नाव कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे, आणि हा भेद व्याकरणावाचून कळणे शक्य नाही. दोन हजार वर्षांपूर्वी या देशातील एक महापंडित म्हणत होता, की मुलाचे नाव नीट ठेवता यावे यासाठी तरी भाषा शिका. आज दोन-दोन पदव्या घेतलेले आईबाप ते काम एका यादीवर सोपवून मोकळे होतात.

यांच्यातच आणखी एक वर्ग आहे. मुलाला लिंगभेदाच्या चौकटीतून मुक्त करण्यासाठी सामाईक नाव ठेवले, असे तो अभिमानाने सांगतो. हेतू चांगला असू शकतो. परंतु नाव ठेवल्याने समता येत नाही. मुलीचे नाव ‘निर्झर’ ठेवले आणि ती दहा वर्षांची झाल्यावर पाहुण्यांना पाणी देण्यासाठी उठण्याची जबाबदारी तिचीच राहिली, भाऊ मात्र सोफ्यावर बसून राहिला, तर त्या नावाने काय साधले? शिवबांना घडविणाऱ्या जिजाऊंना आणि रणांगणात उतरलेल्या ताराराणींना सामाईक नावांची गरज पडली नव्हती.

नावाला अर्थ होता, पण कोणता?

आणि तरीही, सामाईक नावांवर आगपाखड करणाऱ्या समाजाने एकदा आरशात पाहणे आवश्यक आहे. मुलीचे नाव मुलीसारखेच हवे असा आग्रह धरणाऱ्या याच महाराष्ट्रात एक नाव असे होते, की ते ऐकताच मुलगी आहे हे निःसंशय कळत असे. ते नाव ‘नकुशा’. नकोशी झालेली.

मुलाची वाट पाहणाऱ्या घरात पुन्हा मुलगी झाली की तिला हे नाव मिळे. असे नाव ठेवले म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत होती. ती मुलगी शाळेत त्याच नावाने हजेरी देई, मैदानात त्याच नावाने हाक ऐके. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींचा नामकरण समारंभ झाला आणि त्यांना नव्या नावांची प्रमाणपत्रे देण्यात आली. कुणी देवीचे नाव निवडले, कुणी आवडत्या अभिनेत्रीचे. एका जिल्ह्यातील 285 मुली. त्यांच्या बारशाला किती नातेवाईक उपस्थित असतील? किती जणांनी नाव ऐकून आक्षेप घेतला? ‘हे नाव शास्त्राला धरून नाही, स्त्रीचे नाव मंगल आणि आशीर्वादवाचक असावे असे स्मृती सांगते’ असे म्हणत कोणते आजोबा उठून उभे राहिले?

दगडू, धोंडू, भिकू ही नावेही याच मातीतली. परंतु त्यांच्यामागे आधीची मुले गमावलेल्या आईची व्याकुळता होती. हे मूल तरी दृष्ट न लागता जगावे, म्हणून त्याला दगड म्हणायचे. त्या ओबडधोबड नावात माया होती. ‘नकुशा’त ती नव्हती.

मुलींच्या नावाविषयी समाजाला एवढी आस्था होती, तर विवाहात त्यांचे नावच पुसून टाकण्याची रीत इतकी काळ निमूट कशी चालली? तबकातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि माहेरचे नाव माहेरीच राही. वैद्यकीची पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना होत्या. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका होत्या. त्यांनी सासरची नावे अजरामर केली हे त्यांचे तेज. परंतु बाकीच्या असंख्य स्त्रियांची पाळण्यातील नावे कुठे गेली, हे विचारायला कुणी उरले नाही.

या दोन गोष्टींपुढे ‘निर्झर’वरील वादाचे मोल काय ठरते? ज्या घरात मुलीचे स्वागत झाले, पाळणा सजला, आत्याने कानात अर्थपूर्ण नाव सांगितले, त्या घरातील नाव मुलाचे वाटते की मुलीचे, यावर रोष ओढवून घेण्यासारखे काय आहे? नाव ठेवताना खरी कसोटी दुसरीच आहे. या नावात लेकराविषयी आशीर्वाद आहे की नाही, हे पाहावे. आईवडिलांना त्याचा अर्थ पुसता येईल, सांगता येईल, आजीला ते उच्चारता येईल, आणि मोठेपणी त्या व्यक्तीला ते मान वर करून सांगता येईल, एवढे पाहिले की पुरे.

घाई नको, संवाद हवा

यासाठी वेळही भरपूर असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. जन्माची नोंद नावाशिवायही होते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 14 नुसार नाव नंतर नोंदविता येते; पहिल्या बारा महिन्यांत शुल्काशिवाय आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. अर्थात 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पारपत्र, मतदारनोंदणी अशा कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे. त्यामुळे त्यावरचे नाव विचारपूर्वक आणि शुद्ध लिहिले गेले पाहिजे. रुग्णालयातून घरी जाण्याच्या गडबडीत अर्जावर काहीतरी खरडून देण्याची मुळीच आवश्यकता नाही.

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये आणखी एक स्वागतार्ह निर्णय घेतला. 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असा क्रम शासकीय कागदपत्रांत आला. याही निर्णयावर भुवया उंचावल्या. त्या उंचावणाऱ्यांनी छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम आठवावा. गुरूने गोत्र विचारले, तेव्हा ‘मी जबालेचा सत्यकाम’ असे त्याने सांगितले आणि गुरूने त्याचे सत्य पाहून त्याला जवळ केले. आईचे नाव लावणाऱ्या त्या विद्यार्थ्याला या संस्कृतीने ‘सत्यकाम जाबाल’ म्हणून गौरविले.

मग त्या बारशात काय व्हायला हवे होते? मावशीने प्रश्न विचारला यात काही गैर नव्हते, कारण नाव हे एकट्या आईबापाचे नसते. ते घराला रोज उच्चारायचे असते. परंतु प्रश्नानंतर उत्तर ऐकण्याची तयारी हवी होती. आणि बापाने समर्थनाला सरसावण्याऐवजी शांतपणे सांगायला हवे होते, की निर्झर म्हणजे डोंगरातून फुटणारा झरा; तो वाटेतल्या खडकाशी भांडत बसत नाही, त्याला वळसा घालून पुढे जातो आणि जाईल तेथे हिरवळ फुलवितो; आमच्या मुलीने असे व्हावे. एवढे ऐकल्यावर त्या कोपऱ्यातल्या आजोबांनाही कदाचित आपल्या गावच्या झऱ्याची आठवण झाली असती. आणि एवढे सांगता येत नसेल, नाव केवळ यादीत वेगळे दिसले म्हणून उचलले असेल, तर मात्र मावशीचा प्रश्न योग्यच होता, जरी तिने तो चुकीच्या कारणासाठी विचारला असला तरी.

परंपरेचे रक्षण ज्यांना करायचे आहे, त्यांनी नातवंडांच्या नावांची टिंगल सोडून त्यांना शब्दकोश भेट द्यावा. ज्यांना आधुनिक व्हायचे आहे, त्यांनी नाव ठेवण्यापूर्वी तो उघडून पाहावा. आणि दोघांनी मिळून आपल्या गावात, आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात आणखी कुणी ‘नकुशा’ तर वाढत नाही ना, याची चौकशी करावी. असेल तर तिचे बारसे पुन्हा करावे. त्या बारशात घुगऱ्या वाटाव्यात, आत्याने कानात नाव सांगावे, आणि ते नाव मुलाचे वाटते की मुलीचे, याची चर्चा त्या दिवशी कुणीही करू नये.